धुऱ्याची बखर

वऱ्हाडचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याच्या काळ्या जमिनीचा, त्या जमिनीतून निघणाऱ्या कापसाचा, आणि त्या कापसाच्या ओढीने आलेल्या राज्यकर्त्यांचा, व्यापाऱ्यांचा व आगगाड्यांचा वृत्तान्त विस्ताराने दिलेला आहे. परंतु दोन वावरांच्या मधोमध नांगर न लागलेली जी हात-दोन हात रुंदीची पट्टी पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिली, जिला अमरावती-अकोल्याकडे धुरा म्हणतात, आणि जिच्यावर बाभूळ, हिवर, बोर, निंब व पळस यांच्या आश्रयाने तरवड, रुई, निरगुडी आणि नाना प्रकारची पावसाळी तणे वाढत आली, तिच्या वाट्याला या इतिहासातल्या फारच थोड्या ओळी आल्या. पिकाचा हिशेब ठेवणाऱ्या दप्तरात धुऱ्याचे उत्पन्न शून्य लिहिले जाई, म्हणून इतिहासातही त्याचे मोल शून्यच धरले गेले. वास्तविक या प्रांतातील तूर, तीळ, जवस, करडई, संत्रा आणि वांगी यांच्या फुलांना फळविणारे जे असंख्य कीटक, माश्या, भुंगे आणि फुलपाखरे आहेत, त्यांचे वतन याच पडीत जमिनीत होते. आणि आज जर ते वतन खालसा होत आले असेल, तर ते कसे मिळाले, कसे टिकले आणि कोणत्या कारणांनी आटले, याचा शोध घेणे हे केवळ निसर्गप्रेमी माणसाचे नव्हे, तर शेतीचे हित पाहणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

जुने लोक वऱ्हाडचे तीन भाग करीत: उत्तरेस गाविलगडाच्या डोंगरांतला मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट पाइनघाट, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची सरकारे नोंदविली, त्यांत गाविल आणि नरनाळा ही दोन नावे ठळक आहेत. आजच्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचा बराचसा सुपीक मुलूख या दोन डोंगरी किल्ल्यांच्या छायेत येत असे. अचलपूरच्या इमादशाहीपासून मोगलांपर्यंत आणि मोगलांपासून निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलापर्यंत या मुलखाने अनेक सत्ता पाहिल्या, आणि प्रत्येक सत्तेची नजर लागवडीखालच्या जमिनीवरच राहिली. कारण जमा तिच्यातून येत असे. तथापि लढाया, लुटी, इजारदारांची जाचक वसुली आणि वारंवारचे दुष्काळ यांमुळे कित्येक मौजे ओस पडत, कित्येक वावरे गवताखाली जात, आणि गावाच्या काळीइतकीच, म्हणजे कसत्या जमिनीइतकीच, तिच्याभोवतीची पड मोठी राही. मनुष्याच्या दृष्टीने हा काळ विपत्तीचा होता, आणि त्याचे गौरवगान करण्याचे कारण नाही. परंतु फुलावर जगणाऱ्या जिवांना त्या काळात जागेची वाण नव्हती, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

त्या पडीतही एक व्यवस्था होती. गुरांसाठी गायरान, गवतासाठी राखलेले रमणे, नाल्यांच्या आणि पूर्णेच्या उपनद्यांच्या काठाने पसरलेली बाभूळबने, गावापासून वावरापर्यंत जाणाऱ्या आणि दोन्ही बाजूंनी झुडपांनी वेढलेल्या पांधणी, आणि वावरावावरातले धुरे, असा तो पसारा होता. बाभळीच्या लाकडाची आऊते आणि बंडीची चाके होत, तिच्या शेंगा शेळ्यामेंढ्या खात, तिच्या सालीने चामडी कमावली जात, आणि तिच्या काट्यांची कुंपणे होत. म्हणून बाभूळ कुणी मुद्दाम लावली नाही तरी तिला कुणी मुद्दाम उपटलेही नाही. पूर्णेच्या दोन्ही तीरांना जो खारपाणपट्टा आहे, जिथे विहिरीचे पाणी मिठाळ आणि शेती सर्वस्वी पावसाच्या भरवशावरची, तिथे तर बाभूळ, बोर आणि निंब ही झाडे म्हणजे जमिनीने स्वतःच केलेली निवड होती. इंग्रजी अंमलात जंगलखाते स्थापन झाल्यावर मैदानातली ही बाभूळबने आणि रमणे त्या खात्याच्या दप्तरात स्वतंत्र नोंदीने आले, हे त्यांच्या उपयुक्ततेचे प्रमाणच होय.

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, आणि १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारीची मोजणी सुरू झाली. साखळी घेऊन आलेल्या मोजणीदारांनी प्रत्येक वावराला नंबर दिला, प्रत्येक नंबराची हद्द ठरविली, आणि त्या हद्दीवर दगड रोवले. येथे धुऱ्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना घडली, जरी ती घडविणाऱ्यांच्या मनात झाडे अथवा माश्या मुळीच नव्हत्या. मोजणीच्या पद्धतीत दोन नंबरांमधली न नांगरलेली पट्टी हीही हद्दीची निशाणी मानली गेली. मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमाने सीमाचिन्हाची व्याख्या करताना दगडमातीच्या उभारणीबरोबर कुंपण आणि न नांगरलेली पट्टी यांचाही समावेश केला; आणि आज वऱ्हाडासह सगळ्या राज्याला लागू असलेल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही सीमाचिन्हाच्या व्याख्येत कुंपण आणि मोकळी पट्टी यांना स्थान आहे. शेजाऱ्यांचे तंटे मिटावेत आणि सरकारची जमाबंदी बिनचूक व्हावी, एवढ्याच हेतूने केलेल्या या व्यवस्थेमुळे वऱ्हाडच्या लक्षावधी वावरांभोवती अखंड गवताची, झुडपांची आणि झाडांची जाळी कायद्याच्या आधाराने उभी राहिली. गावाच्या सार्वजनिक पडीत जमिनीला महसुली वर्गवारीतून ई-क्लास हे नाव मिळाले, आणि वऱ्हाडातले तलाठी, सरपंच आणि गुराखी ते नाव आजही तसेच वापरतात.

परंतु ज्या दशकात मोजणीतून धुऱ्याला हा आधार मिळाला, त्याच दशकात त्याच्या भोवतालच्या पडीवर मोठे संकट आले. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला, आणि वऱ्हाडचा आखूड धाग्याचा देशी कापूस, जो पुढे अमरावतीच्या नावावरून जगाच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखला गेला, त्याला अपूर्व भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची नागपूरकडे जाणारी वाट १८६७ मध्ये पुरी झाली, खामगाव आणि अमरावती यांना त्या वाटेचे फाटे जोडले गेले, आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याच्या उद्‌घाटनाला आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी रिव्हेट-कारनॅक हा स्वतंत्र कापूस-आयुक्त नेमलेला होताच. या सर्व उलाढालीचा अर्थ जमिनीच्या भाषेत असा, की जी पड काल गुरांची होती ती आज पराटीखाली, म्हणजे कापसाखाली, आली. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी १८५० ते १९०० या अर्धशतकातील वऱ्हाडच्या कापसाचा आणि दुष्काळाचा जो अभ्यास केला आहे, त्यातून हे स्पष्ट होते की कापसाची भरभराट आणि सामायिक चराऊ जमिनीचा संकोच या दोन्ही गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. १८९९-१९०० च्या महादुष्काळात जेव्हा पाऊस गेला, तेव्हा गुरांच्या तोंडी घालायला गवत उरले नव्हते, आणि वऱ्हाडने आपल्या पशुधनाचा भयंकर ऱ्हास डोळ्यांदेखत पाहिला. गुरांचा ऱ्हास सर्वांना दिसला. गवताबरोबर गेलेल्या फुलांचा आणि फुलांबरोबर गेलेल्या कीटकांचा कोणी हिशेब ठेवला नाही, आणि तो ठेवण्याची तेव्हा कुणाला गरजही भासली नसावी, कारण धुरे अजून शाबूत होते.

ते धुरे नेमके काय काम करीत होते, हे समजण्यासाठी वऱ्हाडच्या ऋतुचक्राकडे माशीच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. मधमाशीला, आणि तिच्याबरोबर त्या एकाकी माश्यांना, ज्या पोळे न बांधता जमिनीत, भिंतीत किंवा वाळक्या लाकडात एकट्याने घर करतात, एका पिकाच्या चार आठवड्यांच्या फुलोऱ्यावर वर्ष काढता येत नाही. त्यांना फुलामागून फूल, महिन्यामागून महिना, अखंड साखळी लागते. माघ-फाल्गुनात पळस आणि सावर, चैत्रात निंब आणि करंज, त्यापुढे बहावा आणि जांभूळ, पहिल्या पावसानंतर बाभूळ आणि पाठोपाठ बोर, श्रावण-भाद्रपदात तरोटा, केना, कुरडू, तीळ आणि धुऱ्यावरची कितीतरी अनाम फुले, आणि मग आश्विनापासून माघापर्यंत कारळ, तूर, जवस, करडई आणि धने, असा हा क्रम होता. या यादीतली शेवटची नावे पिकांची आहेत, परंतु मधले कित्येक महिने पिकांत फूल नसे, आणि ते महिने धुऱ्याने, पांधणीने आणि नाल्याच्या काठाने भरून काढले. तूर फुलेपर्यंत जी माशी जिवंत राहिली ती बाभळीच्या परागावर आणि तरोट्याच्या फुलावर राहिली, म्हणून तुरीला माशी मिळाली.

तुरीचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे, कारण वऱ्हाडच्या शेतीपद्धतीत पराटीच्या काही तासांनंतर तुरीचे एखादे तास घेण्याची रीत फार जुनी आहे. तुरीच्या फुलाची ठेवण अशी, की खालच्या दोन पाकळ्यांच्या होडीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दडलेले असतात. अंगाने जड आणि बळकट माशी त्या होडीवर बसली म्हणजे ती उघडते आणि पराग माशीच्या पोटाला लागतो. तुरीचे फूल स्वतःच्या परागानेही फळते. तरीसुद्धा तिच्यात कीटकांच्या द्वारे होणारा परसंकर सर्वसाधारणपणे शेकडा वीसच्या आसपास धरला जातो, आणि स्थळ व कीटकसंख्या यांप्रमाणे तो पुष्कळ कमीजास्त होतो. हे काम आग्या मोहोळाची माशी करते, आंब्याबाभळीच्या फांदीवर लहानसे पोळे करणारी फुलोरी माशी करते, काळा भुंगा करतो, आणि विशेषतः पाने गोल कातरून नेणारी ती एकाकी माशी करते, जिची घरे वाळक्या पोकळ काड्यांत आणि जुन्या लाकडाच्या भोकांत असतात. आता धुऱ्यावरची वाळकी फांदी, न उकरलेली माती, बांबूचे जुने बेट आणि नाल्याची कोरडी दरड यांचा विचार करा: ही सगळी त्या माश्यांची बाळंतघरे होत. वखर आणि डवरा जिथे दरवर्षी फिरतो तिथे जमिनीत घर करणाऱ्या माशीला वंश वाढविता येत नाही. तिला वखराबाहेरची जमीन हवी, आणि पिकाच्या इतक्या जवळ अशी जमीन धुऱ्यावाचून कुठे होती?

तरवडाची गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. पिवळ्या फुलांनी ओथंबणारे हे झुडूप माळरानावर आणि धुऱ्यावर आपोआप येते. त्याच्या फुलात मध नाही, आणि त्याचे पराग केसराच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागतात. काही एकाकी माश्या फुलाला मिठी मारून आपल्या पंखांच्या स्नायूंचा असा कंप करतात, की पराग त्या छिद्रांतून फवाऱ्यासारखा उडतो. वांग्याच्या आणि टमाट्याच्या फुलांचीही ठेवण अशीच असल्यामुळे, तरवडावर शिकलेली आणि तरवडावर पोसलेली माशी भाजीच्या वाडीत तेच कसब वापरते. पाळीव मधमाशीला हे कसब नाही. म्हणून मधपेट्या आणून ठेवल्या म्हणजे परागीभवनाचा प्रश्न सुटला, अशी जी समजूत आढळते ती अपुरी आहे. पेटी संत्र्याला आणि करडईला फार उपयोगी पडेल, परंतु वांग्याला तरवडाची माशीच हवी, आणि तिला तरवडाचे झुडूप हवे.

मैदानाच्या या कथेला मेळघाटाची कथा जोडल्यावाचून ती पुरी होत नाही. गाविलगडाच्या कड्यांवर आणि उंच वृक्षांवर आग्या मोहोळाची वस्ती असते, आणि ही माशी एका ठिकाणी बारमाही न राहता फुलोऱ्यामागे स्थलांतर करते, हे तिचे वैशिष्ट्य आहे. मेळघाटातल्या कोरकूंना मोहाची फुले, तेंदूची पाने आणि मोहोळाचा मध यांचे ज्ञान परंपरेने आहे. पण १८६० च्या दशकापासून या जंगलाचा मोठा भाग राखीव झाला आणि त्याचा कारभार सागवानाच्या हिशेबाने चालू लागला, तेव्हा ज्याला दुय्यम वनोपज म्हटले गेले त्या मधाच्या आणि फुलांच्या व्यवहारात जंगलाचा रहिवासी परका ठरला. मध काढण्याची जुनी रीतही कठोर होती: रात्री चूड पेटवून धुराने माश्या उडवायच्या आणि सबंध पोळे कापून आणायचे, त्यात अंडी, अळ्या आणि असंख्य माश्या नष्ट होत. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत ज्या ग्रामोद्योगांचा पुरस्कार केला त्यांत मधमाशीपालन होते, आणि वर्ध्याच्याच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेच्या परिसरात आग्या मोहोळाचा मध अहिंसक पद्धतीने काढण्याचे शिक्षण पुढे विकसित झाले: पोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात जो मधाचा गड्डा असतो तेवढाच कापायचा, खालची अंड्या-अळ्यांची चकती तशीच ठेवायची, म्हणजे वसाहत मोडत नाही आणि गड्डा पुन्हा भरतो. अलीकडे खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या ‘मधाचे गाव’ या योजनेत चिखलदरा तालुक्यातले आमझरी निवडले गेले, ही गोष्ट या परंपरेचा योग्य सन्मान करणारी आहे. मात्र मधाचे गाव फुलांच्या गावावाचून होत नाही, एवढे भान या योजनेला राखावे लागेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाइनघाटाच्या शेतीचे रूप झपाट्याने पालटले. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला जवळजवळ सगळा कापूस देशी जातींचा होता. त्यानंतर अमेरिकन जाती आल्या, आणि १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात चंद्रकांत पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण दिला, ज्याच्या बियाण्यासाठी मजुरांना, बहुधा स्त्रिया आणि मुलींना, एकेका फुलातील केसर हाताने काढून दुसऱ्या फुलाचा पराग हाताने लावावा लागे. अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या आणि पापळचे सुपुत्र, देशाचे कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव मिरविणाऱ्या कृषी विद्यापीठानेही संकरित कापसाचे वाण दिले. याच विद्यापीठाने संकरित तुरीवर जे काम केले त्याचा प्रकार मात्र अगदी निराळा होता. १९९१ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषिसंशोधन संस्थेने तुरीचा पहिला संकरित वाण प्रसृत केला, आणि अकोल्याचे संकरित वाण त्यानंतर आले. या तुरीच्या बीजोत्पादनात परागाचे वहन माणसाच्या बोटांनी नव्हे, तर रानातल्या माश्यांनी करायचे होते. नराच्या आणि मादीच्या ओळी शेजारी शेजारी पेरायच्या, आणि बाकीचे काम आग्या, फुलोरी आणि पानकातरी यांच्यावर सोपवायचे. विज्ञानाची अत्याधुनिक योजना धुऱ्याच्या जुन्या रहिवाशांवर विसंबून होती, आणि आजही बुलढाण्याच्या कांदाबीजापासून वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांपर्यंत वऱ्हाडचे पुष्कळसे मोलाचे उत्पन्न याच विसंबण्यावर उभे आहे.

असे असता त्याच काळात धुऱ्यावर चारही बाजूंनी चाल झाली. वाटण्यांमुळे वावरे लहान झाली, आणि प्रत्येक वारसाला आपल्या तासांत एक तास वाढवावेसे वाटू लागले. बैलांच्या आऊतांची जागा ट्रॅक्टरने घेतली, आणि वळणाला जागा हवी म्हणून धुऱ्यावरची बाभूळ गेली. १९८० नंतर सोयाबीनने ज्वारीची आणि तिच्यासोबतच्या मूग, उडीद, तीळ, अंबाडीची जागा घेतली. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्यामुळे शेतकऱ्याला माशीची उणीव जाणवेनाशी झाली, आणि जी उणीव जाणवत नाही तिच्यावर उपायही होत नाही. उन्हाळ्यात धुरे पेटविण्याची जी चाल आहे, तिने एका दुपारी वर्षभराचे गवत, वाळक्या काड्यांतली घरटी आणि कोवळी रोपे जळतात. तणनाशकाने धुऱ्याचा उरलासुरला हिरवा पट्टाही पिवळा केला. कापसावरच्या फवारण्यांचे विष कुणाकुणाला लागते, याचा दारुण अनुभव २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने घेतला, जेव्हा फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूरच विषबाधेने मृत्युमुखी पडले. ज्या द्रवाने माणूस दगावतो त्याने माशीचे काय होत असेल, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

झाडे लावण्याचे प्रयत्न या काळात झाले नाहीत असे मुळीच नाही. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्यांच्या कडेला आणि ई-क्लास जमिनीवर सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया अशी परदेशी झाडे मोठ्या संख्येने लावली गेली. ती लवकर वाढली, त्यांनी सरपण दिले, आणि त्यांचे ते श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु येथील कीटकांचे आणि येथील वनस्पतींचे संबंध हजारो वर्षांच्या सहवासाने जुळलेले आहेत. लिंबूवर्गीय पानांवर वाढणारे सुरवंट असोत, रुईवर वाढणारी रुईची फुलपाखरे असोत, किंवा तरवडाची कंप करणारी माशी असो, त्यांना केवळ फुलातला मध नव्हे, तर अळ्यांसाठी पान, घरट्यासाठी काडी आणि विशिष्ट ऋतूत विशिष्ट फूल हवे असते, आणि परदेशी झाड यांतले एखादेच देऊ शकते. घाणेरीच्या फुलावर फुलपाखरे बसतात हे खरे. पण मेळघाटात घाणेरीने आणि पाइनघाटात गाजरगवताने ज्या स्थानिक झुडपांची आणि तणांची जागा बळकावली, त्यांचे नुकसान त्या मूठभर मधाने भरून निघत नाही.

सुदैवाने उलट दिशेची उदाहरणेही याच भूमीत आहेत. अचलपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या पायविहीर या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सुमारे १९२ हेक्टर उजाड वनाचा सामूहिक हक्क मिळाला. गावाने ‘खोज’ या संस्थेच्या साहाय्याने चराई आणि कुऱ्हाड यांना बंधन घातले, माती-पाण्याची कामे केली, झाडे लावली आणि आपोआप उगवणाऱ्यांना वाढू दिले. सीताफळाच्या विक्रीतून गावाला उत्पन्न झाले, आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार त्याच्याकडे चालत आला. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुक्यात फासेपारधी समाजाने ‘संवेदना’ या संस्थेच्या सोबतीने गवताळ रमणे राखण्याचा जो उद्योग केला, तो याहूनही बोधप्रद आहे. कारण ज्या समाजाला इंग्रजी कायद्याने गुन्हेगार ठरविले आणि ज्याला गावगाड्यात जमिनीचा तुकडा मिळाला नाही, त्याच समाजाने वऱ्हाडच्या गवताची किंमत ओळखली. ही दोन्ही कामे माशीसाठी म्हणून आरंभिलेली नव्हती; पण जिथे गवत फुलले आणि झुडूप वाढले, तिथे माशीला निमंत्रण लागत नाही.

या इतिहासातून जो धडा निघतो तो असा, की वऱ्हाडच्या परागवाहकांना कोणत्याही राजाने अथवा खात्याने दान दिलेले नव्हते. त्यांना जागा मिळाली ती मोजणीदाराच्या हद्दीने, गुराख्याच्या गरजेने आणि बाभळीच्या उपयोगाने. या तिन्ही गरजा आता मंदावल्या आहेत, म्हणून ती जागा यापुढे हेतुपुरस्सर राखावी लागेल, आणि ते काम फार खर्चाचे नाही. धुऱ्यावर दर थोड्या अंतराने बाभूळ, हिवर, निंब, करंज किंवा बोर यांतले एखादे झाड येऊ द्यावे. पिकावर सावली पडण्याची भीती रास्त आहे, तिच्यासाठी झाड धुऱ्याच्या उत्तर बाजूच्या वावराचा विचार करून निवडावे आणि फांद्या छाटाव्यात. झाडांच्या मधल्या जागेत तरवड, निरगुडी, रुई आणि तुळस यांना उगवू द्यावे, आणि जिथे पाण्याची सोय आहे तिथे हेटा (हादगा) आणि शेवगा लावावा, ज्यांची फुले माशीला आणि घरच्या तव्यालाही चालतात. अंजनगाव-सुर्जी आणि अकोट भागातल्या पानमळ्यांत हेट्यासारख्या जिवंत आधारांवर वेल चढविण्याची परंपरा आहेच. ती परंपरा इतर बागांनीही उचलावी. खारपाणपट्ट्यात नव्या रोपाला पाणी घालण्यापेक्षा आपोआप आलेल्या बाभळीच्या आणि बोराच्या रोपाभोवती काट्यांचे कुंपण करणे अधिक फलदायी ठरेल. धुरे पेटविणे बंद करावे, धुऱ्यावर तणनाशक मारू नये, आणि तूर फुलावर असताना फवारणी टाळता येत नसेल तर ती माश्या परतल्यानंतर, सायंकाळी करावी.

वैयक्तिक धुऱ्याइतकेच सार्वजनिक जागेचे महत्त्व आहे. पांधण रस्ते रुंद आणि पक्के करण्याच्या सरकारी योजना चालू आहेत, आणि ज्याला पावसाळ्यात चिखलातून वावरात जावे लागते त्याला त्या हव्याच आहेत. परंतु रस्ता रुंद करताना दोन्ही कडांची झुडपे काढली जातात, तेव्हा त्याच अंदाजपत्रकात स्थानिक झाडाझुडपांची लागवड आणि तीन वर्षांची राखण धरली गेली पाहिजे. ई-क्लास जमिनीचा जेवढा भाग अतिक्रमणातून वाचला आहे, त्याची यादी प्रत्येक ग्रामसभेने मागून घ्यावी आणि त्यातला काही भाग गवतफुलांचा रमणा म्हणून ठरावाने राखावा. शाळांनी आणि कृषी महाविद्यालयांनी आपल्या गावातल्या फुलांचे महिनावार दप्तर तयार करावे. कोणत्या महिन्यात कोणते फूल उणे आहे हे त्यातून कळेल, आणि कोणते झाड लावायचे याचा निर्णय रोपवाटिकेत काय शिल्लक आहे यावर न होता गावाच्या गरजेवर होईल.

महसूल संहितेच्या व्याख्येत मोकळ्या पट्टीला आजही मान्यता आहे. तलाठ्याच्या नकाशावर तिची रेघ आहे. आणि दोन शेजाऱ्यांनी मनात आणले तर तिचा हात-दोन हात रुंदीचा अवकाश एका पावसाळ्यात परत मिळू शकतो. ज्या प्रांताने कापसाच्या एका हंगामासाठी शतकभर आपली पड नांगरली, त्याने आता तुरीच्या, संत्र्याच्या आणि आपल्या लेकरांच्या ताटातल्या भाजीच्या हितासाठी धुऱ्याचा हा हक्क पुन्हा मान्य करावा, आणि पुढच्या मोजणीत, पुढच्या वाटणीत आणि पुढच्या ग्रामसभेत तो आपल्या हाताने लिहून द्यावा, हीच या बखरीची मागणी आहे.